शेवटच्या कार्यक्रमाची टेप

लिफ्ट बंद होती म्हणून ती जिन्याने चढत होती, आणि लिफ्ट बंद होती म्हणूनच वरच्या वळणावर एका माणसाच्या हातातल्या खोक्याचा तळ फाटला. टेपची एक चपटी, गोल डबी पायऱ्यांवरून गडगडत तिच्याकडे आली. मागोमाग दुसरी. तिसरी तिने पायाने अडवली, चौथी हातात पकडली आणि मान वर करून खणखणीत आवाजात विचारलं, "अहो, टेपा आहेत की बटाटे?"

"टेपा," वरून उत्तर आलं. "बटाटे असते तर जपून आणले असते."

तो खाली आला. केस पावसाने कपाळाला चिकटलेले, एक बाही कोपरापर्यंत दुमडलेली, दुसरी तशीच. तिच्या हातातली डबी घ्यायची सोडून तो ती कशी धरलीय तेच बघत राहिला.

"कडेने धरलीत, जाणकारासारखी," तो म्हणाला. "म्हणजे तुम्हीच त्या. मामा सांगत होते त्या."

"काय सांगत होते मामा?"

"की इथे एक बाई आहेत, त्यांना शेजारच्या इमारतीतला पंखा ऐकू येतो."

"अतिशयोक्ती आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून... "पंखा नाही. त्याचा सैल झालेला स्क्रू."

तो हसला. जिन्यात त्याचं हसणं वरच्या मजल्यापर्यंत गेलं आणि खाली आलं. आपल्याला ते दोन्ही वेळा आवडलं, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने उगाचच भुवया आवळल्या.

मामा म्हणजे स्टुडिओचे मालक. तसे ते कुणाचेच मामा नव्हते, पण सगळे मामा म्हणायचे. तिचं काम जुनी ध्वनिमुद्रणं साफ करण्याचं. घरघर काढायची, खरखर काढायची, गाणाऱ्याचा श्वास मात्र ठेवायचा. आणि यंदा मामांच्या हाती घबाड लागलं होतं. तिच्या पिढीने ज्या रॉक बँडच्या गाण्यांवर प्रेमं जुळवली आणि मोडली, त्या बँडच्या सगळ्या कार्यक्रमांचा एक मोठा संच निघणार होता. कॉलेजच्या सभागृहातल्या पहिल्या कार्यक्रमापासून तुडुंब भरलेल्या मैदानांपर्यंत, सगळं एका पेटीत. बँड मात्र उरला नव्हता. काही वर्षांपूर्वी भर मंचावर गायक आणि गिटारवाला भांडले, गायक निघून गेला, आणि तिथेच सगळं संपलं.

खोकं फाटलेला माणूस त्या बँडचा साउंडवाला. मिसरूड फुटल्यापासून प्रत्येक कार्यक्रमात मिक्सरवर तोच बसलेला. मैदानाच्या मध्यावर, अंधारात, ज्याच्याकडे कुणीही वळून बघत नाही अशा जागी. कोणती टेप कुठली, कोणत्या गाण्यात काय बिघडलं होतं, हे त्याच्याशिवाय कुणाला सांगता येणार नव्हतं.

जुन्या टेपांची एक खोड असते. त्या वर्षानुवर्षं ओल पितात आणि चिकट होतात. त्यांना आधी मंद आचेच्या पेटीत तासन्‌तास भाजावं लागतं. मग त्या थोडे दिवस शहाण्यासारख्या वागतात. पण फार वाजवल्या तर त्यांच्यावरचा मुलामा झडतो, म्हणून एकदाच लावायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची आणि ऐकता ऐकता कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. मध्ये उठायचं नाही, पुढे पळवायचं नाही. दोन तासांचा कार्यक्रम असेल तर दोन तास एका छोट्या खोलीत, शेजारी शेजारी, गप्प.

अशा खोलीत काय होणार ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

"हे ऐका," तो कुजबुजायचा. "आता ढोल्या चुकणार." ढोल्या म्हणजे ड्रमर. आणि ढोल्या चुकायचा.

"इथे पाऊस आलाय का?" ती विचारायची.

"कसं कळलं?"

"टाळ्या बदलल्या. हात ओले आहेत."

तो तिच्याकडे बघतच राहायचा. ती आवाजाच्या काट्याकडे बघायची. काटा निवांत असायचा, तिचीच धडधड वाढलेली असायची.

हळूहळू चहाचे कप एकाच बाजूला ठेवले जाऊ लागले. त्याची दुमडायची राहिलेली बाही एकदा तिनेच दुमडून दिली, "डोळ्यांना खुपते" म्हणून. आणि कुठल्याशा मैदानातल्या कुठल्याशा गाण्याच्या मध्येच तो म्हणाला, "तुम्ही मला तुम्ही म्हणू नका ना."

"मग काय म्हणू?"

"तू."

"...मशीन चालू आहे. गप्प बस."

"म्हणालीस की!"

घरी ताईला सगळं दिसत होतंच. तिची थोरली बहीण शिक्षिका. समोरच्याच्या तोंडावरून गृहपाठ झालाय की नाही ओळखणारी. "म्हणजे एक माणूस दिवसभर तुझ्या खांद्याला खांदा लावून बसतो," ती म्हणाली, "आणि तुम्ही दोघं तोंडात मिठाची गुळणी धरून तिसऱ्याचीच गाणी ऐकता? धन्य आहे!"

"काम आहे ते, ताई."

"हो ना. कामानेच गाल लाल झालेत."

गंमत बाजूला ठेवली तरी एक गोष्ट तिच्या मनाला सारखी टोचत होती. टेप सुरू झाली की त्याची बोटं टेबलावर सरकायची. इथे आवाज थोडा चढव, तिथे उतरव... समोर मिक्सर नसतानाही. आणि टेप संपली की बोटं थांबायची, आणि तो थोडा म्हातारा दिसायचा.

"ते दोघं भांडले आणि माझं घर मोडलं," एकदा तो म्हणाला. "लोकांचं घर चार भिंतींचं असतं. माझं गाडीतलं होतं. मागे पेट्या, पुढे बँडमधले चौघं, आणि सकाळी उठल्यावर कुठलं गाव हे आधी विचारायचं."

"आणि आता?"

"आता मामा म्हणतायत इथेच राहा. स्टुडिओ वाढवायचाय त्यांना." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "मागच्या गल्लीत एक खोली बघितलीय. एकच खिडकी आहे, पण मोठी आहे. तू... बघायला येशील?"

ती गेली. खोली रिकामी होती, भिंतींना नव्या रंगाचा वास होता. दोघं खिडकीशी उभे राहिले आणि इथे टेबल, तिथे पुस्तकं असं काहीबाही बोलत राहिले. बोलता बोलता त्याचा हात तिच्या हाताला लागला आणि दोघांपैकी कुणीच तो बाजूला घेतला नाही. घरी येईपर्यंत तिने मनातल्या मनात त्या खिडकीला पडदेसुद्धा लावून टाकले.

राहिली एकच टेप. शेवटच्या कार्यक्रमाची.

"ती भाजू नका," त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "त्यात नुसतं भांडण आहे. गायक निघाला तसा मी मिक्सर सोडून त्याच्यामागे धावलो. मशीन बंद करायचंही सुचलं नाही. त्याला गाडीत घातलं आणि गेलो. पुढचं काय ऐकायचंय? गिटारवाला म्हणे हसत होता. तेवढं एक गायकाच्या जिव्हारी लागलंय."

पण अर्धवट काम तिला झेपत नसे. तो खोलीचं नक्की करायला गेला होता त्या दुपारी तिने आदल्या रात्रीच भाजून ठेवलेली ती टेप लावली.

भांडण होतं. शिव्या होत्या, माइक आपटल्याचा आवाज होता. मग मिक्सरपासून दूर जाणारी त्याची धावती पावलं. मग मैदानाचा गोंगाट, शिट्ट्या. आणि त्या गोंगाटात गिटार सुरू झाली. बँडच्या सगळ्यात लाडक्या गाण्याची सुरुवात. वाजली, गायकाच्या जागेपाशी आली, आणि थांबली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच थांबली. गिटारवाला हसत नव्हता. तो वाट बघत होता. किती वेळ ते सुरुवातीचेच सूर, त्याच जागेपर्यंत. हळूहळू शिट्ट्या बंद झाल्या. मग माइकवर, जेमतेम ऐकू येईल असा त्याचा आवाज आला, "ये ना रे..." आणि कुणी येत नाही असं बघून गायकाच्या ओळी मैदानच गायला लागलं.

तिने कानावरचे हेडफोन काढले आणि आधी दाराकडे बघितलं.

कारण पुढचं सगळं तिला लख्ख दिसत होतं. गायकाने हे एकदा ऐकलं की तो गिटारवाल्याच्या दारात जाऊन उभा राहणार. बँड पुन्हा जुळणार. दौरा निघणार. आणि मिक्सरवर बसायला या माणसाशिवाय कुणाला बोलावणार? तिने उतरवलेली प्रत साठवली, टेप खणात घातली आणि खणाला कुलूप लावलं.

"खोली घेतली!" तो दारातूनच ओरडला. "काय गं, डोळे का लाल?"

"धूळ," ती म्हणाली.

पुढचे काही दिवस तिच्यासारखी दुष्ट बाई जगात नाही, असं तिला वाटत राहिलं. तो पडद्यांचे रंग विचारायचा, ती निळा म्हणायची. तो हसायचा, ती खणाकडे पाठ करून बसायची. पण दुसऱ्या टेपांच्या प्रती तपासताना त्याची बोटं टेबलावर सरकताना दिसली, की तो खण जणू तिच्या छातीतच उघडझाप करायचा. आपल्याला माणूस हवाय, हे खरं. पण असा हवाय का, अर्धा?

एका संध्याकाळी तिने खुर्ची त्याच्यापुढे सरकवली. "बस. आणि मध्ये बोलू नकोस."

तिने प्रत लावली. भांडण सुरू होताच तो उठायला लागला. तिने त्याचं मनगट धरलं. मग गिटार आली. पहिल्यांदा आली तेव्हा त्याने मान वर केली. तिसऱ्यांदा आली तेव्हा त्याने तोंडावर हात घेतला. "ये ना रे" ऐकल्यावर तो लहान मुलासारखा रडला, आणि तिने मनगट सोडलं नाही.

सगळं संपल्यावर त्याने बाहीने डोळे पुसले.

"हे तू आज ऐकलंस?" त्याने विचारलं.

"नाही. तू खोली घेतलीस त्या दिवशी."

"मग इतके दिवस..."

"लपवलं."

"का?"

ती काट्याकडे बघणार होती. या वेळी तिने त्याच्याकडे बघितलं. "तू जाशील म्हणून. मला तू हवा आहेस म्हणून. आणखी काय कारण असणार, वेड्या?"

तो नुसता तिच्याकडे बघत राहिला, जिन्यात बघितलं होतं तसं नाही, फार वेगळं. मग हळूच म्हणाला, "आणि तरी ऐकवलंस."

"हो."

"माझ्यासाठी इतकं कुणी केलं नव्हतं गं."

"रागाव ना जरा," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "रागावलास तर सोपं जाईल मला."

त्याने तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. रागावणं त्याला जमलं नाही.

ती टेप संचात गेली, अगदी शेवटी. गायकाने ती याच खोलीत ऐकली, उठला आणि तडक गिटारवाल्याच्या घरी गेला. ढोल्याने आनंदाने मामांना उचलून गोल फिरवलं. संच बाजारात यायच्या आतच दौऱ्याच्या तारखा भिंतींवर लागल्या. मोठा दौरा, देशोदेशीचा. मागच्या गल्लीतल्या खोलीची किल्ली घरमालकाकडे परत गेली.

निघायच्या सकाळी गाडी स्टुडिओच्या दारात उभी होती. मागे पेट्या, पुढे चौघं. गायकाने दोनदा भोंगा वाजवला, गिटारवाल्याने त्याला दटावलं. पाऊस नव्हता, पण रस्ता ओला होता.

"थांब म्हण," तो म्हणाला. "एकदा म्हणून तर बघ."

"म्हटलं तर थांबशील?"

"थांबेन. शपथ."

"म्हणूनच नाही म्हणत." तिने त्याची दुसरी बाही दुमडायला घेतली, मग तशीच सोडली. "थांबशील, आणि तुझी बोटं टेबलावर सरकत राहतील. मला नाही बघवणार ते."

"मग काय म्हणशील?"

"आवडतोस," ती म्हणाली. "फार आवडतोस. आता जा."

त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला, ओठांना लावला, आणि सोडताना इतका वेळ लावला की गाडीतल्या चौघांनी शहाण्यासारखी तोंडं फिरवली. "मी येणार आहे," तो म्हणाला. "दौरा संपला की पहिला इथे. तू... वाट बघशील?"

"मी?" तिने नाक उडवलं. "कामं पडलीत मला ढीगभर. वाट बघायला वेळ कुणाला आहे?"

तो हसला. डोळे पुसत गाडीत चढला, शेवटच्या खिडकीत बसला. गाडी निघाली. ती हात न हलवता उभी राहिली, ताठ, कामात असलेल्या बाईसारखी. आणि गाडी वळणावर पोचायच्या आत तिने वाट बघायला सुरुवात केली होती.