एकवीस घरांतली भागूबाई

मृत्यूला हरवण्याचं सामर्थ्य जगात केवळ कलेकडे असतं. पोशीरच्या सदू पेंटरकडे ते होतं. फक्त त्यासाठी त्याला थोरल्या बहिणीला तीन-तीन तास पाटावर हलू न देता बसवावं लागे.

गावोगावच्या बायका फोटो न काढताच वारत. मग नवरा नाहीतर मुलगा यायचा, ‘नाक सरळ, रंग निमगोरा, कुंकू ठसठशीत’ एवढं सांगून जायचा, आणि सदू भागूबाईला दाराच्या उजेडात बसवायचा. तिचं स्वतःचं कपाळ विसाव्या वर्षीच उघडं पडलेलं... पण भावाच्या ब्रशने तिला एकवीस वेळा कुंकू लावलं होतं! गुडघे ठणकत, मान अवघडे, तरी तिने कधी हूं की चूं केलं नाही.

सन चौऱ्याहत्तरच्या माघात खोपोलीच्या एका हौशी मंडळाने सदूचं प्रदर्शन ठरवलं. घरोघरच्या तसबिरी हारांसकट हॉलवर आल्या. आदल्या दिवशी त्या एका ओळीत टांगल्यावर सदूच्या प्रथमच ध्यानात आलं, की आपण दोन तालुक्यांत एकच बाई वाटून टाकली आहे.

घरी येऊन तो खालमानेने म्हणाला, “आक्का, उद्या तू नको येऊस.”

“का रं?”

“चित्रं सारखी का, ते मी कायतरी सांगेन. पण तू समोर दिसलीस तर... माझं नाव जाईल गं.”

भाकरी थापणारा तिचा हात परातीतच थांबला. ज्या चेहऱ्यावर भावाचं नाव उभं राहिलं, तोच आता लपवायचा होता...

“बरं,” ती म्हणाली. तव्यावरची भाकरी करपली.

तरी दुसऱ्या दिवशी ती गेलीच, पदर नाकापर्यंत ओढून. आपण एकवीस जणी एका ओळीत कशा दिसतो ते एकदा पाहावं, एवढीच आस.

हॉलमध्ये कुजबुज चालली होती. “ही आमची आई. पण ती पलीकडची बी आमचीच दिसते.” “मग आमची कुठली?” लोधिवलीचे म्हातारे कोंडाजी, अकरा वर्षं बायकोच्या तसबिरीला रोज हार घालणारे, सदूसमोर येऊन उभे राहिले.

“पेंटर, खरं सांग. ही माझी सोनुबाईच हाय ना?”

सदूने ठरवून ठेवलेलं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्याची नजर दाराशी गेली. पदराखालची ती हनुवटी त्याने एकवीसदा काढली होती. भागूबाई झटकन मागे वळली. भावाचं नाव वाचणार असेल, तर ती जन्मभर पदराआड राहिली असती...

“आक्का, थांब.”

त्याने हात धरून तिला चित्रांपुढे आणलं. “ही माझी बहीण. नाक, डोळे, सगळं हिचं. कुंकू तेवढं तुमच्या माणसांचं.”

मंडळाच्या अध्यक्षांनी भाषणाचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

“मी तुलाच दडवायला निघालो होतो गं,” सदू तिच्या पायांशी बसून रडू लागला. भागूबाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ओल्या डोळ्यांनी कोंडाजींकडे पाहिलं.

“चुकलं आमचं, दादा. पर बसले तवा तुमच्या सोनुबाईचंच नाव मनात घेत व्हते.”

कोंडाजींनी तिचा चेहरा नीट न्याहाळला. मग त्यांनी तसबिरीचा हार काढला. “जित्या माणसाला ह्यो नको.” पुन्हा तसबिरीकडे पाहिलं, डोळे पुसले.

“पेंटर, ब्रश आणलायस?”

“हाय की.”

“सोनूचे कान जरा मोठे व्हते. तेवढे करून दे.”