उजवीकडचे चार मिलिमीटर

एफ्राईन आत आला तो नखशिखांत भिजून. कोट काढून त्यात गुंडाळलेला ट्रंपेट मात्र त्याने कोरडा ठेवला होता. कुएंका शहरातल्या दंतमहाविद्यालयात जबड्याच्या सांध्यांची मापं घ्यायला धडधाकट माणसं हवी होती, आणि शहराच्या बँडमधला हा वादक आपणहून आला होता.

“हनुवटी इथे टेकवा. आता हलायचं नाही,” डॉक्टर यादिरा म्हणाली.

“श्वास घेतलेला चालेल?”

“हळूच...”

ती काचेमागे गेली. एक्स-रेचं यंत्र त्याच्या डोक्याभोवती फिरलं.

दुसऱ्या दिवशी ती पडद्यावर मापं घ्यायला बसली. उजव्या सांध्याचं हाड डाव्यापेक्षा चार मिलिमीटर रुंद होतं. तिने पुन्हा मोजलं. चारच. हाड वाढत असेल तर शस्त्रक्रिया... मग ट्रंपेट कसला वाजतोय? तिने त्याला लगेच बोलावून घेतलं.

ऐकून तो पांढराफटक पडला. “रविवारी कॉर्पसच्या सणाची मिरवणूक आहे, डॉक्टर. पहिला सूर माझा असतो.”

“माहीत आहे मला.”

“तुम्ही ऐकलंय मला?”

“तीन वर्षं... मिठाईच्या पालांशी उभी राहून.” आपण हे काय बोलून बसलो — ती चपापली.

नजर लपवायला ती पडद्याकडे वळली आणि जागच्या जागी थिजली. हाडच काय, उजवीकडच्या दाढाही तशाच फुगल्या होत्या. दाढा काही वाढत नाहीत; मान वळली तर मात्र फोटोत एक बाजू अशी फुगते.

“काल फोटो काढताना मान वळवली होतीत तुम्ही?”

“थोडी... डावीकडे.”

“का?”

तो बुटांकडे बघत राहिला. “तिकडे तुम्ही उभ्या होतात.”

 यादिराने त्याला पुन्हा यंत्राशी उभं केलं, या खेपेला डोक्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या घट्ट आवळल्या. नवा फोटो आला. उजवा सांधा, डावा सांधा — दोन्ही सारखे.

ती खुर्चीत बसली ती रडतच.

“डॉक्टर, अहो, मी तर ठणठणीत आहे ना?” तो भांबावला. “मग रडताय कुणासाठी?”

“तुझ्यासाठी,” ती म्हणाली. “आणखी कुणासाठी?”

‘तुझ्यासाठी’ ऐकून तो हादरला. मग तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला, आणि या वेळी मान अजिबात न वळवता तिच्याकडे बघत राहिला.