सूत्रधार पक्षपाती आहे

फेरीबोटीच्या ओल्या डेकवर टपटप... टपटप... गारा पडल्यासारखा आवाज झाला. टॅम्झिननं वळून पाहिलं, तर गारा कसल्या — फासे होते! निळे, हिरवे, काचेसारखे चमकणारे, काही चार पैलूंचे तर काही आठ. गाड्यांच्या चाकांखालून ते घरंगळत निघाले होते आणि त्यांच्यामागे हातात फाटकी पिशवी धरून एक उंच माणूस ओणवा होऊन धावत होता.

"अहो, बोट चालू असताना गाडीखाली शिरायचं नसतं!" ती ओरडली. अंगात फेरीच्या कर्मचाऱ्यांचं केशरी जाकीट होतं, तेव्हा ओरडायचा हक्क तिचाच.

"पण माझा वीस पैलूंचा फासा..."

"तो माझ्या बुटाखाली आहे."

"हलू नका! म्हणजे... हळूच हला. किती पडलेत ते बघायचंय."

तिनं पाय अलगद उचलला. त्यानं वाकून पाहिलं, चष्म्यावरचं पावसाचं पाणी बाहीनं पुसलं आणि पुन्हा पाहिलं.

"वीस!" तो तसाच गुडघ्यावर बसून तिच्याकडे बघत राहिला. "आमच्यात याला शुभशकुन म्हणतात."

"आमच्यात याला डेकवर कचरा करणं म्हणतात," ती म्हणाली. पण हसली.

त्याचं नाव हॅमिश. ब्रुनी बेटावरच्या शाळेत शिकवायचा आणि दर रविवारी फेरीनं या काठाला, केटरिंगला यायचा... खेळायला. ग्लेनिसबाईंच्या घरी त्यांचा खेळ जमायचा. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं — कुणी चोर, कुणी मांत्रिक, कुणी योद्धा. गोष्ट सांगायची सूत्रधारानं, म्हणजे हॅमिशनं, आणि नशीब ठरवायचं फाशांनी. नुकताच त्यांचा एक गडी मेलबर्नला गेला होता.

"याल का?" त्यानं विचारलं.

"बघू तरी, मोठी माणसं फासे घेऊन काय करतात ते," टॅम्झिन म्हणाली, आणि सुट्टीच्या रविवारी खरंच गेली.

ग्लेनिसबाई निवृत्त पोस्टमास्तरीण. खेळात मात्र अट्टल चोर. सफरचंदांच्या बागेचा मालक ट्रॅव हा कुऱ्हाडवाला बुटका. टॅम्झिननं निवडली आल्थिआ, देवीची व्रतस्थ योद्धी. खोटं बोलायचं नाही हे तिचं व्रत. ते पाळलं तर तिच्या प्रार्थनेनं जखमा भरायच्या.

टेबलाच्या मधोमध नऊ घरांचा पट मांडलेला असे. उजवी बाजू सज्जनांची, डावी दुर्जनांची. वरची ओळ नियम पाळणाऱ्यांची, खालची मनाला येईल तसं वागणाऱ्यांची. पात्र जसं वागेल, तशी त्याची सोंगटी सूत्रधार सरकवायचा. आल्थिआची पांढरी सोंगटी अगदी वरच्या, अगदी उजव्या घरात बसली.

"फार वर ठेवलीत," टॅम्झिन म्हणाली. "पडले तर लागेल."

"मी आहे ना," हॅमिश म्हणाला... आणि उगाचच पुढच्या राक्षसाची तयारी करू लागला.

मग रविवारमागून रविवार गेले. तिची कामाची पाळी असली की ती दुपारी काम संपवून, केस ओले तसेच घेऊन पोचायची. तो राक्षसांचे, राजांचे, कुरकुर करणाऱ्या म्हाताऱ्या चेटकिणींचे आवाज काढायचा, आणि प्रत्येक आवाजाच्या शेवटी त्याची नजर तिच्यावर येऊन थांबायची. फेरीवर तो गाडी सोडून कठड्याशी तिच्याजवळ उभा राहू लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

एका रविवारी ग्लेनिसबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हॅमिश, आम्हाला काय दिसत नाही होय रे? माझ्या चोरानं एक पाव उचलला तर सोंगटी लगेच डावीकडे! आणि ही बाई पहारेकऱ्याशी खोटं बोलली, सरायवाल्याशी खोटं बोलली, तरी हिची सोंगटी जागची हलत नाही?"

"हलेल कशी?" ट्रॅवनं डोळा मिचकावला. "सूत्रधाराची नजर पटावर असेल तर ना!"

सगळे हसले. हॅमिशचे कान लालबुंद झाले.

पुढच्याच प्रसंगात दरोडेखोर आले. आल्थिआच्या झग्यामागे राक्षसांचं एक लेकरू लपलं होतं. "इथं कुणी नाही," टॅम्झिन ठासून म्हणाली. हॅमिशचा हात झटकन पुढे आला. पांढरी सोंगटी एक घर नाही, दोन घरं खाली गेली.

"व्रत मोडलं. प्रार्थनेची शक्ती गेली."

"अरे, पण लेकरू वाचवलं ना मी?"

"नियम म्हणजे नियम."

"आणि मागच्या रविवारी काय नियम झोपला होता?" खुर्चीवरचं जाकीट उचलून ती निघून गेली.

पुढच्या रविवारी फेरीवर तिनं त्याच्या गाडीला हातानंच जागा दाखवली. नजर वर केली नाही. तो उतरून जवळ आला.

"टॅम्झिन... खेळच होता ना तो?"

"तुझ्यासाठी." ती दोर गुंडाळत राहिली. "माझा आधीचा मित्र माझ्या चुका मोजायचा. जेवताना, गाडीत, माझ्या आईसमोरसुद्धा. तुझ्या टेबलाशी मला पहिल्यांदा मोकळं वाटलं रे. आणि तू सगळ्यांसमोर मला खोटारडी ठरवलंस."

"तुला नाही, आल्थिआला—"

"आल्थिआ आली कुठून? माझ्यातूनच ना?"

बोट काठाला लागली. गाडीत बसता बसता तो एवढंच म्हणाला, "आज ये. नंतर नाही आलीस तरी... पण आज ये."

जायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. कामाची पाळी संपली तेव्हा पाय मात्र ग्लेनिसबाईंच्या घराकडेच वळले.

आत शिंपल्यांचं सारण भरून भाजलेल्या पाईचा वास दरवळत होता. सूत्रधाराच्या खुर्चीत ग्लेनिसबाई बसल्या होत्या, आणि हॅमिश तिला पाहताच उठून उभा राहिला, वर्गात बाई आल्यावर पोरं राहतात तसा.

"मी सूत्रधारपद सोडलंय," तो म्हणाला. "पहिल्या दोनदा तू खोटं बोललीस, ते मी मुद्दाम सोडलं. तू पुढच्या रविवारी यावीस म्हणून. आणि तिसऱ्यांदा सोंगटी सरकवली ती ट्रॅव हसला म्हणून... तुझं चुकलं म्हणून नाही. पटाकडे मी एकदाही पाहिलं नाही, टॅम्झिन. तुझ्याकडेच बघत होतो. सूत्रधार पक्षपाती आहे. त्यानं त्या खुर्चीत बसू नये."

ट्रॅवनं पाईचा मोठा घास तोंडात कोंबला, नाहीतर तो काहीतरी बोललाच असता.

"बस खाली," ग्लेनिसबाई हॅमिशला म्हणाल्या. मग टॅम्झिनकडे वळल्या. "आता निकाल माझा. बाई, तू खोटं का बोललीस?"

का. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. ना इथं, ना त्या जुन्या मित्राच्या घरात.

"लेकरू थरथरत होतं," ती हळूच म्हणाली. "झग्यातून कळत होतं मला."

"हं. मग नियमापासून दोन नाही, एकच घर खाली. तेवढं भोगायचं. सज्जनपणाला धक्का नाही. देवीला खोट्याचा राग येतो, पण लेकरावर उगारलेल्या तलवारीचा जास्त. एक दिवस उपास कर, प्रार्थना पुन्हा चालेल." सोंगटी टक्कन नव्या घरात बसली. "आणि पाई गार होतेय."

टॅम्झिनला हसू फुटलं. तिनं जाकीट पुन्हा खुर्चीवर टाकलं, आणि समोर हॅमिशचे खांदेही ओझं उतरल्यासारखे सैल झाले.

संध्याकाळच्या फेरीसाठी गाड्यांची रांग लागली होती. पाऊस थांबला होता. ती त्याला सोडायला धक्क्यापर्यंत आली.

"तर... आता तू सूत्रधार नाहीस."

"नाही."

"म्हणजे पक्षपात करायला मोकळा?"

"अगदी मोकळा," तो म्हणाला. "मला तू आवडतेस, टॅम्झिन. व्रत पाळणारी... आणि मोडणारीही."

त्याचा गारठलेला हात तिनं आपल्या जाकिटाच्या खिशात ओढून घेतला.

"ओ मास्तर, गाडी हलवा!" डेकवरून तिचा सहकारी ओरडला. "रांग अडलीय मागे!"

हॅमिश धावत जाऊन गाडीत बसला. दुसऱ्या बाजूचं दार उघडलं, आणि टॅम्झिन शेजारी येऊन बसली.

"अगं, कुठे?"

"तुझ्या बेटावर. शेवटच्या बोटीनं परत येईन. जेवायला काय आहे?"

"डब्यातलं सूप... फक्त."

"खोटं तरी बोलायचंस."

"जमत नाही."

"बरंय मग," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

बोट हलली. इतकी वर्षं ही खाडी ती रोज ओलांडत होती, पण दोर ओढायचा नाही, गाड्या लावायच्या नाहीत, नुसतं काचेपलीकडचं पाणी बघत बसायचं... हे पहिल्यांदाच. आणि तिचा हात? तो पलीकडचा काठ येईपर्यंत त्यानं सोडलाच नाही.