ओल्या मातीचं माप

"तो ओंडका ओढू नका!" मी ओरडले. त्यानं ओढलाच. नदीचा काठ धपकन खाली आला आणि मी सकाळपासून खणलेली माती पाण्यात गेली.

"सॉरी... त्याच्या मुळांनी काठ धरला होता होय?"

"नाही, शोभेला होता!"

गोष्टींतले नायक रुमाल उचलून देतात म्हणे. यानं फावडं उचललं आणि उन्हं कलेपर्यंत मला चिखल उपसून दिला. मी मातीकाम करणारी, तो सुतार. मावशीकडे सुट्टीला आलेला. पुढे दादाच्या कारखान्यात ऑफिसच्या खुर्च्या करायच्या, सगळ्या एका छापाच्या. माझं डोकंच फिरलं. ओंडक्याच्या रेषांवरून इतक्या हळू बोट फिरवणारा माणूस... आणि छापाच्या खुर्च्या?

"मग जाऊ नका."

"दादाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही."

"माझ्याशी भांडताना बरी रेटते!"

तो हसला. ठरलं — जाण्याआधी दोघांनी मिळून एक टेबल करायचं. लाकूड त्याच ओंडक्याचं. मधून वाहणारी नदी माझ्या निळ्या-हिरव्या फरशांची. माझ्या शेडमध्ये तो रंधा मारायचा, भुसा माझ्या केसांत. कच्च्या फरशांवर ओलं फडकं टाकायला मीच त्याला शिकवलं. वाऱ्यानं भराभर वाळल्या की तडकतात. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलं नाही.

भट्टी उघडली. झिलई अशी उतरली होती की मलाच माझा हेवा वाटला. फरशा लाकडातल्या खाचेत मांडल्या... दोन्हीकडे बोटभर फट!

"माप कधी घेतलंस?"

"ओल्या होत्या तेव्हा. तुला सरप्राइज द्यायचं म्हणून खाच आधीच कोरली —"

"गाढवा! माती भाजली की आटते!"

त्यानं फटीवरून बोट फिरवलं. "लाकडाची पट्टी बसवतो. संध्याकाळी टेबल तयार. उद्या निघतो."

पट्टी! चूक झाकायची आणि चालू लागायचं. माझे कान तापले. जगाला तोंडावर सुनावते मी, आणि हे एवढंच सांगायचं टाळत आलेले.

"पट्टी नको. नव्या फरशा करते, मोठ्या. पण माती सावकाश वाळते... थांबशील? टेबलासाठी नाही रे. मला तू हवा आहेस, झालं!"

"हे भांडण आहे की...?"

"दोन्ही."

तो बाहेर गेला. मी रागारागानं माती मळली, फरशा थापल्या, आणि मागे वळूनही पाहिलं नाही.

वारा सुटला तसा तो आत आला. खिडकी लावली, फडकं भिजवून फरशांवर पसरलं. मग त्यावर दुसरं. त्यावर तिसरं.

"अरे, अशानं महिनाभर वाळायच्या नाहीत!"

"माहितीये."

"आणि दादाला काय सांगशील?"

"सांगितलं आत्ताच, फोनवर." ओल्या हातानं त्यानं माझ्या केसांतला भुसा टिपला. "म्हटलं, माती अजून ओली आहे."