शेऱ्याचा रकाना

तो पहिल्यांदा आला तो पत्ता विचारत. आमची पाटी रंगवायला गेली होती, म्हणून.

"मॅडम, हितं वाचनालय कुठं हाय?"

"तुम्ही उभे कुठं आहात?" मी वर न बघताच म्हटलं. मग वर बघितलं... आणि उगाच बघितलं असं झालं. केसांवर भुरभुर पाऊस, खांद्याला लॅपटॉपची बॅग, आणि डोळे – जाऊ दे.

जोतीराम त्याचं नाव, चंदगडचा. जिल्ह्यातल्या चौदा वाचनालयांची एकत्र यादी करायचं काम त्याच्याकडं होतं. मी आमच्या मंगळवार पेठेतल्या पुस्तकांची माहिती संगणकावर भरायची. दर शनिवारी चार वाजता त्याचं मुख्य यंत्र सगळ्यांकडच्या नोंदी गोळा करायचं आणि चौदाही ठिकाणी दाखवायचं.

"म्हणजे माझी पुस्तकं मुरगूडला नेणार?"

"पुस्तकं न्हाईत ओ. ती हितंच. फकस्त नाव, लेखक, साल... एवढंच फिरतंय."

"नाव फिरलं की बदनामी होते म्हणतात."

तो हसला. गालाला खळी पडली. माझं वाटोळं तिथंच झालं.

तीन महिने तो दर मंगळवारी यायचा. मी मुद्दाम एखाद्या नोंदीत साल भरायचं बाकी ठेवायची.

"साल परत ऱ्हायलं की!"

"राहिलं होय? अगंबाई!"

मग तो खुर्ची ओढून शेजारी बसायचा. त्याला कळत होतं का? देव जाणे. पण खुर्ची दर वेळी थोडी जवळ यायची.

आणि एका मंगळवारी म्हणाला, "काम संपलं. एक तारखेपासनं पणजीला नोकरी लागली." मी अभिनंदन केलं.

शनिवारी दुपारी एकटीच नोंदी भरत होते. एका नोंदीच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं – 'जोतीराम जाणार. मला करमायचं नाही. सांगायचं राहूनच गेलं.' शेरा फक्त आपल्यालाच दिसतो, अशी माझी समजूत. साडेचारला निघताना ते वाचून रडू आलं, आणि ती अख्खी नोंद पुसून टाकली.

सोमवारी सकाळी मुरगूडच्या वाचनालयातून तिथल्या ग्रंथपाल आण्णांचा फोन. "मोना, पोरी, जेवलीस का? न्हाई, करमंना झालंय असं वाचलं म्हणून..."

मेले! एकत्र यादी उघडली. माझी ओळ तिथं जशीच्या तशी.

दुपारी जोतीराम आला. मला मान वर करवेना.

"मी पुसलं होतं हो," मी पुटपुटले.

"शेरा बी संगं फिरतोय, ते सांगायचं ऱ्हायलं माझं. पुसलं, पर चार वाजल्यावर. नुसतं पुसलं की बाकीच्यांना काय कळत न्हाई. 'रद्द' अशी खूण ठेवायला लागती, मगच सगळीकडनं जातंय." त्यानं नोंद परत उभी केली. खुणेच्या चौकटीवर बाण नेला, आणि थांबला. "रद्द करू?"

नुसतं हो म्हणायचं होतं. अब्रू वाचली असती. आणि माझ्या मनात तसं काही नव्हतंच, असं समजून तो पणजीला निघून गेला असता.

"थांबा. रद्द नको."

"सगळी वाचत्याल."

"वाचू देत. खरंच आहे ते. मला तुम्ही आवडता, जोतीराम. खूप आवडता."

तो कानापर्यंत लाल झाला. "मी शनिवारीच वाचलं... चार वाजून धा मिन्टांनी. माझ्या एका बटनानं गेलं असतं. दोन दिवस हातच हुईना."

"मग आत्ता विचारलंत कशाला?"

"तुमच्या तोंडनं ऐकायचं हुतं की!"

असला राग आला! समोरची पट्टीच फेकून मारणार होते. पण माझा हात त्याच्या हातात होता – कधी गेला, कोण जाणे.

"पणजीला तर जायलाच लागणार," तो हळूच म्हणाला. "पर... एकट्यानं कशाला?"

"म्हणजे?"

"रविवारी आईला घेऊन तुमच्या घरी येऊ?"

"या," मी म्हटलं. मग राहवेना म्हणून परत म्हटलं, "नक्की या."