विहिरीतलं अस्वल आणि गाळलेलं शून्य

"दोनशे पाच!" उर्वशी ओरडली आणि शाळेच्या अंगणात एकच पळापळ उडाली.

चुन्यानं तीन घरं आखली होती. शतक, दशक आणि एकक. गळ्यात दोनची पाटी अडकवलेला पोचू शतकाच्या घरात ताठ उभा राहिला. पाचवाली कमळा एककात घुसली. दशकाचं घर मात्र रिकामंच! शून्यवाली रिना भिंतीशी फुरंगटून बसली होती.

"काऊन वं, ये ना!" उर्वशीनं तिला बोलावलं.

"मी नाई येत! शून्य म्हणजे काईच नाई. मले पाच पायजे!"

सुट्टीत पहिली-दुसरीच्या पोरांना खेळातून संख्या शिकवायची, ही कल्पना सातवीतल्या उर्वशीची. आता तिलाच घाम फुटला. पण तिचा वर्गमित्र शहबाज पुढे आला. त्यानं पोचू आणि कमळाला ढकलत ढकलत एकमेकांना चिकटवलं.

"पाह्य रिना, तू नाई आली त हे असे सरकतीन. दोनशे पाचाचे झाले पंचवीस! एकशे ऐंशी गायब!"

रिना डोळे पुसत उठली आणि ऐटीत मधल्या घरात जाऊन बसली.

तेवढ्यात त्यांचा दोस्त लालसू सायकल टाकून धावत आला. "आमच्या वावरातल्या विहिरीत अस्वल पडलं! मी धनराजभाऊले फोन केला, रस्त्यावरच्या बोर्डाचा नंबरबी सांगतला. पण अजून कोणीच नाई आलं!"

धनराजभाऊ म्हणजे वनरक्षक. लालसूच्या खिशातला फोन वाजला तो त्यांचाच. आवाज एवढा चढलेला, की सगळ्यांना ऐकू आला.

"लालसू! पंचवीस नंबरच्या बोर्डापाशी उभे हावो आमी. इथी विहीर नाई, अस्वल नाई! मस्करी करून राह्यला काय बे?"

"नाई भाऊ, खरंच..." फोन कट!

लालसूचा चेहरा रडवेला झाला. "ते कपारीले धरून हाये. हात सुटला त बुडन ना!"

"चला, बोर्ड पाहू!" उर्वशी म्हणाली.

तिघं जंगलाकडेच्या रस्त्यानं सुसाट निघाले. लालसूच्या वावरासमोर, जंगलाच्या त्या भागाचा नंबर सांगणारा नवाकोरा बोर्ड चमकत होता. कक्ष क्रमांक २५.

"पंचवीसच त हाये," शहबाज म्हणाला.

उर्वशीनं रस्त्यावर मागं-पुढं पाहिलं. आधीचा बोर्ड २०४. पुढचा २०६!

"अरे, दोनशे चारनंतर पंचवीस कसे येतीन? मधलं शून्य कुठी गेलं?"

बोर्ड रंगवणारे भैयाजी पळसाखाली ऐसपैस पहुडले होते. शहबाजनं त्यांना हलवून उठवलं.

"शून्य?" भैयाजींनी जांभई दिली. "रंग सरत आला होता. म्हटलं, शून्याले काय किंमत? गाळलं!"

"भैयाजी, तिकडं अस्वल बुडून राह्यलं!" उर्वशी किंचाळली. "तुमच्या पंचवीसमुळं धनराजभाऊची जीप जंगलाच्या दुसऱ्या टोकाले गेली!"

भैयाजींची झोप खाडकन उडाली.

लालसूनं पुन्हा फोन लावला. उर्वशीनं तो हिसकावूनच घेतला. "भाऊ, दोनशे पाच! बोर्डच चुकला हाये. दोनशे चार अन् दोनशे सहाच्या मधात या!"

तिकडून लगेच उत्तर आलं, "आलोच!"

जीप धुरळा उडवत आली. धनराजभाऊंनी पोरांना जीपमध्ये बसवून काचा लावल्या, भैयाजींना लांब पळसाकडे पिटाळलं आणि सोबतच्या माणसांनी विहिरीत बांबूची लांब शिडी सोडली. काहीच हलेना. मग शिडी करकरली. एक काळं केसाळ डोकं वर आलं! अस्वलानं अंग झाडलं, इकडेतिकडे पाहिलं आणि नेमका भैयाजींच्या पळसाकडे मोर्चा वळवला.

"अगे माय वं!" भैयाजी बुडाला मुंग्या चावल्यासारखे शेंड्याकडे सरसर चढले. अस्वल मात्र खालून ढुंकूनही न पाहता जंगलात पसार झालं!

धनराजभाऊंनी जीपचं दार उघडलं. "मी तुमाले उगाच बोललो रे. पोरांनो, आज एक जीव वाचवला तुमी! शाबास!"

"शाबास, शाबास!" पळसाच्या शेंड्यावरूनही आवाज आला. "आता मले कोणी खाली उतरवान काय?"