दुसरा खंड

तिने मोजले, पडद्यावर चौतीस चौकोन होते. एकोणीस काळे, कॅमेरा बंद ठेवलेले. एकात नुसता पंखा, दोनांत मांजरं आणि उरलेल्या बारांत माणसं. ती वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. सगळे जमले होते एक जाडजूड, दोन खंडांची जुनी फ्रेंच कादंबरी मिळून वाचायला. गट चालवणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला सगळे हेडबाई म्हणत. त्यांचा नियम एकच... चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या, आणि जोडीदार मागे राहिला तर दुसऱ्याने थांबायचं.

तिच्या वाट्याला आला एक चष्मेवाला, चष्म्यांचं दुकान चालवणारा.

"कशी वाटली सुरुवात?" हेडबाईंनी त्याला विचारलं.

"जरा घाईची. पहिल्याच पानावर लग्न मोडतं, आणि कुणाचं तेच कळत नाही. म्हटलं, फ्रेंच लोक असंच लिहीत असतील..."

त्याने पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं. दुसरा खंड होता.

हसून हसून पंखासुद्धा हलला. तेव्हापासून त्याचं नावच पडलं, दुसरा खंड.

मग रोज संध्याकाळी त्या दोघांचे फोन सुरू झाले.

"लग्न मोडतं हे सांगून टाकलंत. आता वाचू कशाला?"

"कुणाचं ते कुठे सांगितलंय?"

"दिवसभर लोकांना चष्मे देता आणि स्वतःला पुस्तकावरचा आकडा दिसत नाही!"

"खरंय. कुणीतरी शेजारी बसून दाखवायला हवा होता..."

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली. शेजारी भाजी चिरता चिरता तिची ताई म्हणाली, "कादंबरी फ्रेंच आहे ना? मग तू का लाजतेस?"

पानं सरत गेली. पाऊस आला, गेला, खिडकीला थंडी येऊन टेकली. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं. एकेकाचं वाचून झालं. तिचं मात्र अडून बसलं, कारण चष्मेवाल्याचं रोज एकच... "अजून नाही जमलं."

"अहो, तुमच्या जोडीपायी समारोप खोळंबलाय!" हेडबाई करवादल्या.

तिच्या मनात आलं, तो कंटाळला असेल... कादंबरीला, की आपल्याला? त्या संध्याकाळी तिने विचारूनच टाकलं.

"वेळ नाही की मन नाही? जे असेल ते सरळ सांगा."

पलीकडे पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

"रोज उघडतो आणि मिटतो," तो म्हणाला. "हे संपलं की तुम्हाला फोन करायला निमित्त काय उरणार?"

"निमित्त कशाला लागतं?"

"नाही लागत?"

"तुम्हाला लागत असेल. मी तर प्रकरणं कधीच विसरले. तुमचा फोन येतो म्हणून वाचत होते..." बोलून गेली आणि तिचे कान तापले. "आता तुम्हीही काहीतरी बोला!"

"रविवारी दुकान बंद असतं. याल? शेवटचं एकत्र वाचू. आणि... तुम्ही मला फार आवडता. हे फोनवर सांगायचं नव्हतं."

रविवारी त्याने तिला डोळे तपासायच्या उंच खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी स्टूल ओढलं. पुस्तक एकच उघडलं. एक पान तिने मोठ्याने वाचायचं, एक त्याने.

प्रकरण अठरा पानांचं होतं. वाचायला पावणेपाच तास लागले.